व्हिडिओत असेच दाखवले आहे

प्रश्न : मी 61 वर्षांची आहे. लोकरीचे विणकाम मी बाराव्या वर्षी माझ्या आत्याकडून शिकले. मी तिच्या शेजारी बसून तिचे हात पाहत असे, आणि चुकले की ती काही न बोलता उसवून सुया पुन्हा माझ्या हातात देत असे. माझी 24 वर्षांची भाची मात्र आठ महिन्यांत केवळ व्हिडिओ पाहून विणायला शिकली आणि तिने अख्खा स्वेटर पूर्ण केला. तो हातात घेताच एकाआड एक ओळीतले टाके पिळलेले आहेत हे माझ्या लक्षात आले आणि मी तसे बोलून गेले. ती म्हणाली, "मावशी, व्हिडिओत असेच दाखवले आहे." तेव्हापासून ती माझ्यासमोर विणकामाचा विषयच काढत नाही. मला नीट यायला सहा वर्षे लागली ते आता आठ महिन्यांत येत असेल, तर माझ्या शिकण्याला काही किंमत उरली आहे का? आणि मी तिची चूक तिला सांगावी की गप्प राहावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच सापडेल असे मला वाटते. तुम्ही पाहिलेला दोष खरा आहे. पण तुमच्या भाचीचे उत्तरही खोटे नाही, आणि हे तिची नुसती समजूत घालण्यासाठी सांगण्यासारखे वाक्य नसून विणकामातली वस्तुस्थिती आहे.

सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला, म्हणजे लोकरीच्या फाशाला, दोन पाय असतात, एक सुईच्या पुढच्या बाजूला आणि एक मागच्या. उलट टाका विणताना लोकर सुईवरून वरून गुंडाळून घेण्याची एक रीत आहे आणि खालून उचलून घेण्याची दुसरी. दुसऱ्या रीतीत हाताची हालचाल छोटी होते, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांना ती सोपी वाटते, आणि जगाच्या अनेक भागांत विणणारे पिढ्यान्‌पिढ्या तसेच विणत आले आहेत. मात्र खालून उचललेला टाका सुईवर उलट्या अंगाने बसतो, म्हणजे त्याचा जो पाय एरवी मागे असतो तो पुढे येतो. ही रीत वापरणारे लोक पुढची सुलट ओळ विणताना सुई टाक्याच्या मागच्या पायात घालतात, की टाका आपोआप सरळ होतो; पुढच्या पायात घातली तर तो पिळला जातो. आता असे समजा, की तुमच्या भाचीने सुलट टाका एका व्हिडिओतून उचलला, ज्यात सुई पुढच्या पायात जाते, आणि उलट टाका दुसऱ्या व्हिडिओतून, ज्यात लोकर खालून उचलली जाते. दोन्ही शिकवणाऱ्यांनी आपापल्या जागी बरोबर तेच दाखवले. दोन्ही रीती तिच्या हातात एकत्र आल्या आणि एकाआड एक ओळ पिळली गेली. तुमच्या पत्रात नेमके 'एकाआड एक ओळ' असे लिहिले आहे, त्यावरून हेच घडले असावे असे मला जवळजवळ खात्रीने वाटते.

मी यावर इतकी रेंगाळले, कारण इंटरनेटच्या आधीचे शिकणे आणि नंतरचे शिकणे यांतला फरक या एका टाक्यात जितका स्पष्ट दिसतो तितका मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. तुम्हाला तुमच्या आत्याकडून सुटे टाके मिळाले नाहीत, तिचा अख्खा हात मिळाला. लोकर कोणत्या बोटावरून घ्यायची, किती ताणायची, उलट ओळीत सुई कशी वळवायची आणि त्यामुळे पुढच्या ओळीत काय करायचे, या सगळ्या सवयी एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या होत्या, कारण त्या एकाच माणसात बरीच वर्षे एकत्र नांदल्या होत्या. तुमच्या भाचीला त्याच सवयी दहा माणसांकडून तुकड्यातुकड्यांनी मिळाल्या. त्यांतला प्रत्येक तुकडा चांगला आहे. पण ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहणारे कुणी तिच्या शेजारी बसलेले नव्हते.

म्हणून तिच्या "व्हिडिओत असेच दाखवले आहे" या वाक्याचा राग मानू नका. तुमच्या आत्याच्या रीतीला कुणी चूक म्हटले असते, तर बाराव्या वर्षी तुम्हीही "आत्या असेच करते" म्हणाला असता.

आता जुन्या शिकण्याविषयी थोडे बोलते, कारण तुमच्या पत्रात त्याच्याविषयीची जी माया आहे ती मला समजते, पण त्या शिकण्याच्या सगळ्याच गोष्टी जपण्याजोग्या होत्या असे मला वाटत नाही. हातांनी करण्याच्या विद्या फार मोठ्या काळापर्यंत दाराआड होत्या. इंग्लंडमध्ये 1563 च्या कायद्याने अनेक व्यवसायांत निदान सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय काम करण्यास मनाई केली होती, आणि उमेदवारीची ती कलमे 1814 मध्ये रद्द झाली. व्हेनिसने 1291 मध्ये आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या शहरातून मुरानो बेटावर हलवल्या, आणि पुढे तिथल्या कारागिरांना राज्य सोडून जाण्याचीच बंदी झाली, कारण ते गेले की विद्याही गेली असती. आयर्लंडमध्ये 1840 च्या दशकातल्या दुष्काळात क्रोशाच्या लेसवर अनेक कुटुंबांनी पोट भरले, आणि आपापली फुलेपाने कशी विणतात हे त्यांनी शेजाऱ्यांना कळू दिले नाही. उपासमारीच्या काळात दुसरे काय करणार होते ते? पण ज्या मुलीच्या घरात शिकवणारे कुणी नव्हते किंवा जिला कुणी जवळ बसवून घेतले नाही, तिच्यासाठी या विद्या नव्हत्याच. तुम्हाला आत्या होती हे तुमचे भाग्य होते, आणि तुमच्या भाचीला शिकण्यासाठी तसल्या भाग्याची गरज पडली नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

शिवाय इंटरनेटच्या आधी सगळे जण कुणाच्या तरी पायाशी बसूनच शिकत होते, हेही खरे नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक नावाच्या स्त्रीने भरलेला 1598 सालचा नमुनापट आहे. वर्ष घातलेल्या ब्रिटिश नमुनापटांपैकी आज माहीत असलेला तो सर्वांत जुना. कुठे एखादा नवा टाका किंवा नक्षी पाहिली की कापडाच्या एका पट्टीवर ती भरून ठेवायची, म्हणजे पुढे विसरली तरी पाहता येईल, हा अशा पटांचा उपयोग होता. ती त्या काळची साठवलेली स्मृतीच होती. मोजे विणण्याची कृती 1655 मध्ये लंडनमध्ये एका पुस्तकात छापली गेली, आणि आज ती वाचताना अनुभवी विणणाऱ्यांनाही अडखळायला होते, कारण हाताची हालचाल शब्दांत पकडणे अतिशय कठीण आहे.

ते किती कठीण आहे हे मी स्वतः भोगले आहे. टॅटिंगची, म्हणजे शटल नावाच्या छोट्या धोट्यावर दोरा गुंडाळून त्याने गाठी घालत करायची, लेस मी एका छापील पुस्तिकेवरून शिकायला घेतली होती. टॅटिंगमध्ये गाठ घालताना एक क्षण असा येतो, की शटलच्या दोऱ्याने घातलेला वेढा दोरा ताणून दुसऱ्या दोऱ्यावर पलटवावा लागतो. तो पलटला तरच गाठी शटलच्या दोऱ्यावरून सरकतात आणि शेवटी कडे आवळता येते. पलटला नाही तर गाठ जागीच अडकते. पुस्तिकेत आधीचे चित्र होते आणि नंतरचे चित्र होते, पण मधला तो क्षण कोणत्याही चित्रात मावत नव्हता. मी कित्येक महिने अडकलेल्या गाठी कापून टाकत राहिले आणि शेवटी शटल कपाटात ठेवून दिले. बऱ्याच वर्षांनी एका व्हिडिओत तो दोरा पलटताना पाहिला, आणि त्याच संध्याकाळी माझे पहिले कडे आवळले गेले. त्या क्षणी मला रडू आले होते. म्हणून हात दाखवणाऱ्या त्या अनोळखी माणसांविषयी मी कधीही वावगे बोलणार नाही. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, निम्म्या वेगाने पाहता येतो, आणि विसाव्या वेळीही तो वैतागत नाही. तुमच्या आत्याला विसाव्यांदा विचारण्याचे धाडस तुम्हाला झाले असते का?

परंतु व्हिडिओला एक गोष्ट जमत नाही, आणि तीच तुमच्याकडे आहे. तुमची भाची त्याच्याकडे पाहते, पण तो तिच्याकडे पाहत नाही. तिची लोकर खालून उचलली जात आहे हे त्याला दिसत नाही, तिची करंगळी आखडली आहे हे त्याला दिसत नाही, आणि तिला जे आले असे वाटते आहे ते आलेले नाही हे तर अजिबातच दिसत नाही. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हीच गोष्ट तपासली होती. टेबलावरची भांडी न पाडता खालचे कापड ओढून काढण्याची करामत काही लोकांना एकदा दाखवली आणि काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना आपल्याला ती जमेल असे जास्त वाटू लागले. नेम धरून बाण फेकण्याच्या प्रयोगात प्रत्यक्ष फेकून घेतले, तेव्हा वाढलेला होता तो केवळ विश्वास, नेम तितकाच होता. मला सर्वांत बोलका वाटला तो या मालिकेतलाच एक छोटा प्रयोग. त्यात कसरतपटू हवेत उडवून झेलतात तसले दांडके लोकांच्या हातात क्षणभर नुसते धरायला दिले, आणि तेवढ्यानेच त्यांचा फाजील विश्वास खाली आला. वस्तूचे वजन हाताला कळले की डोळ्यांचा अंदाज सुधारतो.

तुमच्या भाचीच्या बाबतीत हा दोष म्हणता येणार नाही, कारण ती पाहत बसली नाही, तिने विणले. एक अख्खा स्वेटर, म्हणजे हजारो टाके. पाठ, पुढचा भाग, बाह्या, गळा हे सगळे कुणीही शेजारी नसताना तिने जुळवले आहे. आठ महिन्यांत हे करणे मला अवघड गेले असते.

मग तुमच्या सहा वर्षांत असे काय होते जे तिच्या आठ महिन्यांत नाही? टाक्यांचे प्रकार नव्हेत; ते तिला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतील. तुम्ही स्वेटर हातात घेतला आणि दोष दिसला, हे खरे उत्तर आहे. तुम्हाला कापड वाचता येते. सुटलेला टाका किती ओळी खाली गेला आहे हे पाहून तो क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणणे, कृती समोर नसताना तयार वस्त्रावरून टाके मोजून काढणे, लोकरीला बोट लावताच ती धुतल्यावर सैल पडेल की आटेल याचा अंदाज बांधणे, या गोष्टी तुम्हाला कुणी धडा म्हणून शिकवल्या नसतील. आत्याने उसवलेल्या प्रत्येक ओळीबरोबर त्या तुमच्या हातात थोड्या थोड्या जमा होत गेल्या. याला किंमत उरली आहे का, असे तुम्ही विचारता. मला तर वाटते की इतके लोक एकट्याने शिकत असताना दुसऱ्याच्या हाताकडे पाहून सांगू शकणाऱ्या माणसाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

मात्र एक अवघड गोष्टही लिहायला हवी. तुमची आत्या न बोलता उसवत असे. त्यामुळे चूक ओळखायला तुम्ही उत्तम शिकलात, पण ती का होते हे सांगायला तुम्हाला कुणी शिकवले नाही. तुम्ही भाचीला "टाके पिळले आहेत" एवढेच म्हणालात, आणि तिच्या कानांवर ते आत्याच्या उसवण्यासारखेच पडले असणार. तुमचा हेतू तसा नव्हता हे मला माहीत आहे. पण कारण न सांगता दाखवलेली चूक शिकणाऱ्याच्या काही कामाची नसते. त्यामुळे केवळ आपल्या कामाविषयी लाज वाटते. आणि ती लाज तुमच्या भाचीने आठ महिने अभिमानाने विणलेल्या पहिल्याच वस्त्रावर येऊन पडली.

तेव्हा माझे सांगणे असे आहे. गप्प राहू नका, पण आधी त्या स्वेटरविषयी राहून गेलेले बोला. त्यातले काय चांगले जमले आहे हे तुम्हाला नक्की दिसले असेल. शिवण सपाट बसली आहे का, गळ्याचे टाके एकसारखे उचलले आहेत का, बाह्या सारख्या लांबीच्या आहेत का, ते नेमकेपणाने सांगा. जाणत्या डोळ्यांनी केलेली नेमकी स्तुती तिला आजवर कुठल्याही व्हिडिओकडून मिळालेली नाही. त्यानंतर तिला म्हणा, "तू उलट ओळ कशी विणतेस ते मला पाहायचे आहे." तिच्या समोर न बसता शेजारी बसा, कारण समोरून पाहिले की डावे-उजवे उलटते, आणि व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांच्या काही चुका याच उलटापालटीतून येतात. एक पूर्ण ओळ काहीही न बोलता पाहा. सुया तिच्या हातातून घेऊ नका, हे मी विशेष आग्रहाने सांगते. आपला हात पुढे होतोच, आणि तो झाला की शिकणारी पुन्हा प्रेक्षक होते.

लोकर खालून उचलली जात असेल तर तिला टाक्याचे दोन पाय दाखवा. तिची उलट ओळ बदलण्याची काहीच गरज नाही. पुढच्या सुलट ओळीत सुई मागच्या पायात घाल, एवढेच सांगा. तिने दहा सेंटिमीटरचे दोन चौकोन विणावेत, एक तिच्या आताच्या पद्धतीने आणि एक मागच्या पायातून. पिळलेला चौकोन ताणला की कमी ताणला जातो, हाताला घट्ट लागतो आणि त्यावरच्या टाक्यांचे पाय तळाशी एकमेकांवरून गेलेले दिसतात. दोन्ही चौकोन तिच्या हातात आल्यावर तुम्हाला फारसे बोलावे लागणार नाही. तयार स्वेटर उसवायला मात्र लावू नका. पिळलेले टाके काही सुटत नाहीत, तो तिला खुशाल वापरू द्या.

त्या चौकोनांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तोही तुम्हीच दाखवू शकाल. घाईने शिकणारे लोक नमुन्याचा चौकोन विणत नाहीत, कारण तो कंटाळवाणा असतो आणि व्हिडिओत तो भाग पुढे ढकलता येतो. पण कृतीत दहा सेंटिमीटरला 20 टाके अपेक्षित असतील आणि तिच्या हाताने 22 येत असतील, तर शंभर सेंटिमीटर घेरासाठी घातलेले 200 टाके प्रत्यक्षात 91 सेंटिमीटरच्याही थोडे आतच भरतील. तिचा हात कोणत्या मापाचा आहे हे तिला जगातले कोणतेही पान सांगू शकणार नाही, ते तिने स्वतःच मोजायला हवे.

आणि तिच्याकडून तुम्ही काहीतरी शिका. हे मी केवळ तिचे मन राखण्यासाठी सुचवत नाही. चौकटींवर खुणा करून काढलेले विणकामाचे तक्ते वाचणे तिला येत असेल, आणि ते आले की भाषा न समजताही दुसऱ्या देशातली नक्षी विणता येते. क्रोशाच्या कृतींमधला एक चकवाही तिला बहुधा ठाऊक असेल : ब्रिटिश कृतीत ज्याला डबल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच अमेरिकन कृतीत सिंगल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. कृती कोणत्या देशातली आहे हे न पाहता विणायला घेतले तर सगळी मापे बिघडतात. तुम्ही एकाच हाताखाली शिकलात, त्यामुळे अशा फरकांशी तुमची गाठच पडली नाही. तिची रोज पडते.

युनेस्कोने 2003 मध्ये अमूर्त वारशाच्या रक्षणाचा करार केला तेव्हा त्यात पारंपरिक हस्तकौशल्याचा स्वतंत्र उल्लेख केला, आणि वस्तू जपण्यापेक्षा अधिक महत्त्व ते कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याला दिले. ब्रिटनमध्ये 2017 साली धोक्यात आलेल्या हस्तकलांची एक यादी प्रसिद्ध झाली, आणि चाळण्या बनवण्याची कला त्यात नामशेष म्हणून नोंदली गेली. पुढे ती पुन्हा शिकून सुरू करण्यात आली. विणकामावर तशी वेळ आलेली नाही, पण तुमच्या आत्याची रीत, म्हणजे तिने बोटांवर लोकर कशी घेतली आणि कडेचा टाका कसा सोडला, ही आज कदाचित एकट्या तुमच्या हातात आहे. भाचीला सांगा, की तुमच्या खांद्यामागून फोन धरून तुमचे हात विणताना टिपून ठेव, म्हणजे पाहणाऱ्याला ते स्वतःच्या हातांसारखे दिसतील. विणताना प्रत्येक हालचालीचे कारण बोलून दाखवा. काही ठिकाणी तुम्ही अडाल, कारण ते कारण तुम्हालाही कधी कुणी सांगितलेले नाही. तिथे थांबा आणि दोघी मिळून सुईवरचा टाका पाहून ते शोधा. त्या दिवशी आत्याने शिकवलेल्या एखाद्या नक्षीचे टाके आधीच घालून ठेवा आणि सुयांची एक जास्तीची जोडी जवळ असू द्या.